पुलापाशी संपलेला रूळ

मी रूळ. ज्याच्यावरून गाडी घसरली की माणसं नावं ठेवतात, तोच. माझ्या बाजूनं भाषणं झाली, माझ्याविरुद्ध झाली. मला काय वाटतं ते कुणी विचारलं नाही, म्हणून आज मीच बोलतोय.

डोंगराच्या कडेनं मला अंथरलं ते दगडाच्या खाणीसाठी. खाण होती तोवर माझा थाट होता. रोज सकाळी माणसं हातोडीनं ठोकून माझी तब्येत पाहायची. दगड संपला, तशी मायाही आटली. पुढं कितीतरी वर्षं मी गवतात पडून होतो. तेव्हा माझ्यात कुणाला वारसा दिसला नाही, की निसर्ग दिसला नाही. कचरा टाकायला जागा तेवढी दिसली.

मग हौशी मंडळी आली. त्यांनी जुनं वाफेचं इंजिन दुरुस्त केलं, डबे रंगवले आणि रविवारी लोकांना फिरवू लागली. इंजिन चालवणारा ड्रायव्हर मात्र खराखुरा होता. त्याचे वडील खाणीच्या गाडीवर होते. माझ्याखालची कुजलेली लाकडं बदलायला तो एकटा यायचा. बाकीचे जुन्या धर्तीच्या टोप्या घालून इंजिनाशेजारी फोटो काढायचे आणि त्यालाच जतन म्हणायचे.

ड्रायव्हरची धाकटी बहीण सायकली दुरुस्त करायची. तिचा नवरा खाणीच्या जागी उभ्या राहिलेल्या कारखान्यात कामाला होता. रोज सायकलनं जायचा, भरधाव ट्रकांच्या रस्त्यानं, कारण दुसरा रस्ताच नव्हता. एका संध्याकाळी ट्रकनं त्याला उडवलं. जीव वाचला, पाय गेला. रूळ काढून तिथं चालायला आणि सायकलींना वाट करावी, असं पहिल्यांदा बोलली ती ही बहीण.

मलाच उखडायचं म्हणत होती, तरी तिचं म्हणणं मला पटलं. पण तिच्यामागं जमलेली मंडळी! मोटारीनं यायची, इंजिन चालू ठेवून उभी राहायची आणि शुद्ध हवेवर बोलायची. तिच्या नवऱ्याचा पाय त्यांनी फलकावर छापला. त्याच्या घरी एकजणही गेला नाही.

एकदा ड्रायव्हर खडी उकरत बसला होता, तिथं बहीण आली.

"दादा, शेजारून वाट काढता येणार नाही का?"

"एकीकडे कडा, दुसरीकडे दरी. दोन्ही मावत नाहीत, तुला माहीत आहे."

"मग माणसांनी ट्रकखालीच जायचं?"

"बाबांचं आयुष्य गेलं गं या रुळावर."

"बाबा असते तर त्यांनी आधी जावयाचा पाय बघितला असता."

तो पुन्हा खडी उकरू लागला. ती निघून गेली. त्यानंतर दोघांचं बोलणं बंद झालं.

शेवटी पालिकेची समिती आली. त्यातल्या एका साहेबांनी माझ्यावर बुटाचा चिखल पुसला आणि निकाल दिला: मध्यावरच्या पुलापर्यंत रूळ राहील, पुलापलीकडे उखडून वाट होईल. म्हणजे गाडी कुठंच पोचणार नाही आणि वाट कुठूनच निघणार नाही. असला निकाल द्यायला अक्कल लागते. दोन्ही मंडळींनी आपापला विजय जाहीर केला. पुलापलीकडचा माझा अर्धा देह भंगारात गेला. कारखान्याची माणसं ट्रकांच्याच रस्त्यानं जात राहिली.

वाट सुरू झाल्यावर काही दिवसांनी बहीण स्टेशनात आली.

"दादा, गाडी रोज सकाळी सोडशील? कामावर जाणाऱ्यांच्या सायकली डब्यात घालू. पुलापासून पुढं ते वाटेनं जातील."

त्यानं हात पुसले. मग म्हणाला, "वाफ धरायला वेळ लागतो. पहाटे उठावं लागेल."

"मी येते उठवायला."

"नको. भाऊजींना पाठव. डब्यात कुणीतरी लागेल."

तेव्हापासून रोज सकाळी गाडी जाते. बहिणीचा नवरा कुबडी बगलेत धरून सायकली लावून घेतो. कित्येक वर्षांनी माझ्यावरून अशी माणसं जातात, ज्यांना कुठंतरी पोचायचं असतं.

आणि हे पाहून त्या दोन्ही मंडळींत समेट झाला. हौशी म्हणाले, कामगारांच्या सायकलींनी डब्यांचा रंग जातो, वारसा बिघडतो. वाटेवर फिरायला येणारे शुद्ध हवेवाले म्हणाले, कामाच्या घाईतल्या सायकलींनी वाटेची शांतता जाते. इतकी वर्षं एकमेकांचं तोंड न पाहणारे परवा स्टेशनात एका बाकावर बसले आणि सकाळची गाडी बंद करा म्हणून त्यांनी मिळून तक्रार केली. समिती पुन्हा पाहणीला येणार आहे. बूट पुसायला मी आहेच.

माझं काय, आधीच अर्धा उरलोय. उरलेलाही उखडायचा असेल तर खुशाल उखडा. फक्त थोडं उशिरा या. सकाळची गाडी जाऊ द्या.