आखूड दस्त्याची रायफल

मित्रांनो, मागे सरू नका. मी एक जुनी रायफल आहे खरी, पण माझ्यातून गोळी सुटत नाही. माझी नळी लोखंडाने कायमची बुजवली आहे आणि गोळीला ठोकर देणारी पिनही काढून घेतली आहे. आता मी फक्त कवायतीची.

माझे लोखंड भट्टीतून आले आणि लाकूड अक्रोडाच्या झाडातून. खांद्याला टेकते त्या मागच्या लाकडाला दस्ता म्हणतात. सगळे सैनिक काही एका मापाचे नसतात, म्हणून दस्तेही लांब, मध्यम आणि आखूड असे केले जात. माझा आखूड होता. त्यावर इंग्रजी 'शॉर्ट'मधले 'एस' हे अक्षर ठोकलेले होते. सैन्यातले दिवस संपले आणि पुष्कळ हिंडून मी भाईंदर पूर्वेच्या एका शाळेत, छात्रसेनेच्या मुलांकडे आले.

तिथे आम्ही बाराजणी एका लोखंडी कपाटात उभ्या असतो. सगळ्यांच्या चापाभोवतीच्या कडीतून एकच साखळी ओवलेली आणि दाराला दोन कुलपे. शनिवारी दार उघडते. बाकीचे सहा दिवस काळोख, तेलाचा वास आणि खाडीवरून येणारी खारी हवा. कोणी हलली तर सगळ्यांच्या साखळीला हिसका बसतो.

मी आखूड, म्हणून तुकडीतल्या सर्वांत बुटक्या मुलाला मिळते. यंदा ती होती खारीगावची क्षितिजा. ऑगस्टमधल्या एका शनिवारी 'बाजू शस्त्र'चा हुकूम सुटला. मला खांद्यावरून उतरवून पायाशी टेकवताना तिचा घामेजलेला तळहात सरकला आणि मी सिमेंटवर आदळले. दस्त्याची मान मोडली. आतल्या लांब बोल्टमुळे तुकडे लोंबत राहिले, इतकेच.

"मुद्दाम नाही केलं, मॅडम," क्षितिजा पुटपुटली.

"माहितीये गं," सुचेता मॅडम म्हणाल्या. त्या छात्रसेनेच्या शिक्षिका. "पण रायफली अकरा, तर तुकडीत मुलंही अकराच. ही दुरुस्त झाली नाही, तर सव्वीस जानेवारीला तुला बाहेर बसावं लागेल."

"हिला काठी द्या ना मॅडम, तशीही काठीएवढीच आहे!" निकेत मागून म्हणाला. मुले हसली. क्षितिजा हसली नाही.

मला सुतळीने बांधून कपाटाच्या तळाशी आडवे टाकले. साखळी मात्र तिथेही होतीच. शनिवारी माझ्या अकरा मैत्रिणी उन्हात जात आणि दार ओढून घेतले जाई. मी पळून कुठे जाणार होते? पण मोडक्या वस्तूला कुलूप घालून तिला विसरणे सगळ्यांनाच सोपे जाते. माझ्या लोखंडावर तांबूस डाग उमटू लागले.

डिसेंबरात मॅडमनी छात्रसेनेच्या बटालियनच्या कार्यालयाची लेखी परवानगी आणली आणि मीरा रोडच्या काशीनाथकाकांना बोलावले. काका सैन्यात शस्त्रे दुरुस्त करत असत, आता निवृत्त आहेत. बाद झालेल्या रायफलींचे लाकूड बटालियनच्या कोठारात पडले होते. काकांनी तिथे दोन चकरा मारल्या. ओल्या बोटाने मळ पुसत एकेका दस्त्यावरचे अक्षर वाचले. सगळे लांबच निघत होते. "लांब आणून कापा की," कोठारातला माणूस कंटाळून म्हणाला. "पायजमा आहे का तो?" काका म्हणाले आणि ढिगात पुन्हा वाकले. शेवटी 'एस' सापडला.

आता मोडका दस्ता काढायचा होता. क्षितिजा आणि तिचे आजोबा, धर्मा सुतार, बघायला आले होते. काकांनी दस्त्याच्या तळाचे झाकण उघडले, लांब पेचकस आत घातला आणि जोर लावला.

कट्! माझे नळीखालचे पुढचे लाकूड चिरले.

काकांचा हात थांबला. त्या बोल्टचे चौकोनी टोक पुढच्या लाकडातल्या पट्टीत अडकलेले असते. आधी पुढचे लाकूड सोडवायचे, मगच बोल्ट फिरवायचा. काकांचे आयुष्य नव्या रायफलींवर गेले होते. जुनीची ही रीत ते घाईत विसरले.

"लाकूडच जुनं हो, तुम्ही काय करणार," मॅडम म्हणाल्या.

काका घाम पुसत बसले. 'हो' म्हणणे सोपे होते, लाकूड काही साक्ष देणार नव्हते. मग ते क्षितिजाकडे वळले. "लाकूड चांगलं होतं, बाळ. चूक माझी झाली."

धर्मा आजोबांनी चिरेवरून अंगठा फिरवला. मिठागरांच्या पाण्याच्या झडपा त्यांनी जन्मभर केल्या होत्या. "ओ फौजी, तोंड नका पाडू. लोखंड तुमचा, लाकूड माजा हाय. चिरलाय, मेला न्हाय."

त्यांनी पुढचे लाकूड सोडवून घेऊन चिरेत सरस भरला, आडवी खुंटी मारली आणि दोरीने आवळून दोन दिवस ठेवले. मग मोडका दस्ता निघाला आणि नव्याची पाळी आली.

"ठोकून बसवूया?" मॅडमनी विचारले.

"अजिबात नाही!" दोन्ही म्हातारे एकदम म्हणाले.

क्षितिजाने काजळाची डबी दिली. दस्ता शिरतो त्या लोखंडी खोबणीला काकांनी आतून काजळ लावले. दस्ता घालायचा, काढायचा. जिथे काळे लागले तिथे लाकूड अडते आहे. तेवढेच आजोबा काचेने खरवडत. पुन्हा घालायचा, पुन्हा काढायचा. तीस-बत्तीस वेळा झाले असेल. आजोबांच्या नाकालाही काजळ लागले. शेवटी दस्ता असा बसला की मध्ये कागद शिरेना. मग बोल्ट आवळला आणि सर्वांत शेवटी पुढचे लाकूड चढवले.

शनिवारी मी क्षितिजाच्या हातात आले. 'बाजू शस्त्र!' अकरा दस्ते जमिनीवर वाजले. मी वाजले नाही. तिने मला काचेच्या भांड्यासारखे हळूच टेकवले होते. पुन्हा हुकूम झाला. पुन्हा अकराच आवाज.

"क्षितिजा, तुझा आवाज कुठाय? अशी तुकडीत कशी घेऊ तुला?"

"परत मोडेल ना, मॅडम." तिने माझी मान दोन्ही हातांनी घट्ट धरली होती. मी कपाटातून सुटले होते, पण ती अजून ऑगस्टमधल्या त्या शनिवारातच अडकली होती.

कडेला आजोबांजवळ बसलेले काका उठले. "मी चाळीस वर्षं कारागीर. तरी माझ्या हातून ही चिरली. नंतर पेचकस उचलायची मलाही भीती वाटत होती. पण उचलला. टेकव बाळ, मोकळ्या हाताने. मोडली तर आम्ही दोघं आहोत."

"म्हंजे परत माज्याच गल्यात!" आजोबा म्हणाले. क्षितिजाला हसू फुटले.

'बाजू शस्त्र!'

ठक्. बारा दस्त्यांचा एकच आवाज.

आजोबा धावत आले आणि त्यांनी माझी मान चाचपली. "न्हाय फुटली," ते म्हणाले.

सव्वीस जानेवारीला क्षितिजा रांगेच्या टोकाला उभी होती, आणि तिच्या बाजूला मी.

मित्रांनो, मी पुन्हा साखळीत आहे. शनिवारची वाट बघते. तुमच्या घरीही काहीतरी मोडून कपाटाच्या तळाशी पडले असेल. ते उजेडात काढा. आपल्या हातून मोडले असेल तर तसे सांगा, आणि जाणत्याकडून नीट करून घ्या. पण नंतर भीतीने त्याला पुन्हा कुलपात ठेवू नका, रोज वापरा. हात न लावणे म्हणजे जपणे नव्हे.