मागून येणारा आवाज

चित्र.

कॅमेऱ्यांच्या दुकानातलं उंच स्टूल. त्यावर बाबा. पाठ ताठ, हात मांडीवर, नजर भिंगात रुतलेली. पापणीसुद्धा हलत नाही.

आवाज.

नाही.

"बाबा, बोला ना काहीतरी!" ठकू काकुळतीला आली.

दुकानदाराने हातातला कॅमेरा खाली ठेवला, तेव्हा कुठे बाबांनी श्वास सोडला. "झालं? कसा आला?"

"हा फोटो नाहीये, व्हिडिओ आहे! यात बोलायचं असतं."

"कळतं गं. पण भिंग समोर आलं की माझी वाचाच बसते."

त्यांचं तरी काय चुकलं? जन्मभर फोटो स्टुडिओ चालवलेला माणूस. गिऱ्हाइकाची हनुवटी बोटाने सरळ करायची आणि दम भरायचा : हलायचं नाही, बोलायचं नाही. घरातही तोच खाक्या. कॅमेरा निघाला की आई, आत्या, ठकू, सगळ्यांचे पुतळे. मग बाबांचं ठरलेलं वाक्य यायचं, "झालं. सुटलात!" आणि घर पुन्हा हलायला लागायचं. एकाही फोटोत बाबा नाहीत. काढणारा कुठून दिसणार?

(गोष्ट इथे जरा अडवून सांगायला हवं : येत्या गुरुवारी बाबांचं ऑपरेशन होतं. घशात गाठ. डॉक्टर स्वरयंत्रच काढून टाकणार होते. जीव वाचणार होता, आवाज जाणार होता. फोनला तेव्हा कान होते, डोळे नव्हते. आणि ठकूला नुसता आवाज नको होता. कुणाला चिडवताना बाबांची डावी भुवई वर चढायची. आवाजासोबत तीही हवी होती.)

दुसरा कॅमेरा.

चित्र : तोच पुतळा.

आवाज : पंखा.

"काका, निदान एक ते दहा तरी म्हणा," दुकानदार म्हणाला.

बाबांचे ओठ हलले. बाहेर काही आलं नाही.

तिसरा कॅमेरा काढताना दुकानदार जरा ओशाळला. "ताई, चित्र याचं फार सुरेख. पण आवाजात एक खोट आहे. समोरच्यापेक्षा मागे उभा असलेलाच मोठ्याने ऐकू येतो. मी नाही सुचवणार."

"बघू तरी, चित्र कसलं सुरेख आहे ते," म्हणत बाबांनी त्याच्या हातातून कॅमेरा ओढून घेतला. डोळ्याला लावला, बटण दाबलं. आणि कंठ फुटला.

"ठके, बस तिकडे स्टुलावर. अशी नाही! पोक काढून काय बसतेस, पोत्यासारखी? हनुवटी खाली. अजून. अगं, फरशीवर नाही पडायची ती! हां. लहानपणी पहिल्यांदा बसवलं होतं तुला, तेव्हा भोकाड पसरलं होतंस. आई म्हणाली, राहू दे. मी म्हटलं, रडतानाच काढतो, हीच खरी आहे. आता का रडतेस? दुकानदार, बघा हो, घोडी झाली तरी रडतेय. डोळे पूस. हलू नकोस."

ठकू हलली नाही. श्वास रोखून ती बसून राहिली. जितका वेळ बसेल तितका वेळ बाबा बोलतील, एवढं तिला पक्कं कळलं होतं.

"झालं. सुटलीस!"

"हाच द्या," ती दुकानदाराला म्हणाली. "हा खोटवालाच."

आता घर.

बाबा खुर्चीत, गळ्याला पांढरी पट्टी. समोर टीव्ही. टीव्हीत ठकू : नाक लाल, डोळे सुजलेले, एकदम ध्यान. बाबा कुठेच नाहीत. बाबा सगळीकडे आहेत.

"पोक काढून काय बसतेस, पोत्यासारखी?" टीव्ही म्हणाला.

ठकूने सहज वळून पाहिलं. खुर्चीत बाबांची डावी भुवई वर चढली होती. अगदी त्याच शब्दावर.

चित्र इथे. आवाज तिथे. दोन्ही एकाच खोलीत.

कुणाकुणाचे आभार मानू, असं तिला झालं. डॉक्टरांचे, दुकानदाराचे, खोट ठेवून कॅमेरा बनवणाऱ्या त्या कुणा अनोळखी माणसाचेसुद्धा. तेवढ्यात खुर्चीतून एक बोट पुढे आलं, ठकूच्या हनुवटीला लागलं आणि हनुवटी किंचित खाली झाली.

मग ठकू हलली नाही.

"झालं," टीव्ही म्हणाला. "सुटलीस!"