लेकरू माझ्यात गार पडत होतं

मी एक जुनी घोंगडी आहे. मित्रांनो, आता पेटीच्या तळाशी मला कसर लागली आहे, पण बोलल्याशिवाय राहवत नाही.

टेंभुर्णीजवळ मच्छिंद्र धनगराने मला काळ्या लोकरीची विणली, चिंचोक्याची खळ देऊन उन्हात ताणली. साहेबरावने मला घेतलं. शेतात, पावसात मी त्याच्या पाठीवर असे. हिच्यात थंडी शिरत नाही, असं तो सगळ्यांना सांगे आणि मी फुगून जाई.

शहाऐंशी सालच्या पौषात त्याची बायको मालन घरीच बाळंत झाली. मुलगी झाली. मालनचं रक्त फार गेलं, ती पांढरीफटक पडली. सुईण झुंबरबाईने रीतीप्रमाणे लेकराला लगेच न्हाऊ घातलं, नीट पुसलंही नाही, माझ्यात गुंडाळून बाजूला ठेवलं. घोंगडी आहे म्हणून घरातल्या सगळ्या बायका निर्धास्त झाल्या.

तेव्हा मला कळलं, ऊब माझी कधी नव्हतीच. साहेबरावच्या अंगची ऊब मी धरून ठेवत होते. या ओल्या जिवाजवळ धरून ठेवण्याइतकी ऊबच नव्हती. आधी तळवे गार पडले, मग पोट. रडणं थांबलं. मी तिला घट्ट लपेटून होते आणि ती माझ्यातच विझत होती. मला ओरडता येत नव्हतं.

मालनसाठी बोलावलेली नर्स बेबीनंदा आली. तिने लेकराचं पोट चाचपलं, अंग कोरडं केलं, डोक्याला कापड बांधलं. मालनची छाती स्वतःच गार होती, म्हणून तिने साहेबरावला आत बोलावलं. त्याची आई गिरिजाबाई दारात आडवी झाली.

"सुवेर हाय. बाप्या माणसानं आत यायचं न्हाई."

"सुवेर धा दिवसांनी फिटंल, मावशी. लेकरू तवरक राहायचं न्हाई," बेबीनंदा म्हणाली.

साहेबरावने सदरा काढला आणि आईला बाजूला सारून आत आला. उघड्या छातीवर उघडं लेकरू घेतलं, वरून मला पांघरलं.

"आता बापच दूध पाजंल व्हय?" झुंबरबाई म्हणाली.

कितीतरी वेळ काहीच झालं नाही. त्याचं काळीज धडधडत होतं, लेकराचं मला जाणवतच नव्हतं.

"ऊठ गं माय," तो पुटपुटत होता. "ऊठ गं माय."

मग इवल्या बोटांनी त्याच्या छातीचे केस धरले.

जीपने सगळ्यांना जाफराबादच्या दवाखान्यात नेलं. मालन परत आली नाही. पोर आली, बापाच्या छातीवरच.

मित्रांनो, जन्मलेल्या लेकराला लगेच न्हाऊ घालू नका. कोरडं पुसा, कुणाच्या तरी उघड्या छातीशी धरा आणि मग वरून माझ्यासारखी पांघरा. माझ्यात त्याला एकटं ठेवू नका. माझ्याच्यानं होत नाही.