दुनळीची कमान

दसऱ्याला आठ दिवस उरले आणि दगडोबा पाटलाच्या दुनळी बंदुकीनं मान टाकली.

अहमदपूरजवळच्या त्या गावात बार झाल्याशिवाय देवीची पालखी हलत नाही, आणि बार काढायचा मान दगडोबाच्या घराला. मान म्हणजे काय, तर वर्षातनं एकदा आभाळाला भोक पाडायचं आणि उरलेलं वर्ष मिशीला पीळ द्यायचा. लायसन पीक राखायला म्हणून काढलेलं, पण रानडुकरं दगडोबाच्याच ज्वारीत लोळून गेली तरी बंदुकीनं कधी ब्र काढला नव्हता. डावी नळी बापाच्या काळातच मुकी झालेली. आता उजवीचा चाप ओढला की आतून नुसती खुळखुळ. बार चुकला तर मान चुलतभावाकडं जाणार. त्यानं नवी कोरी बंदूक आणूनच ठेवलेली.

दगडोबा आधी लातूरला गेला. दुकानदारानं बंदूक हातातसुद्धा घेतली नाही. "हिचे पार्ट बनवणारे कवाच मेले, काका. माकडं हाकायला छऱ्याची देऊ का?"

दुसऱ्या दिवशी नांदेड. तिथल्या ख्वाजामियाँची हयात बंदुका दुरुस्त करण्यात गेलेली. त्यांनी चार स्क्रू काढले, बाजूची पट्टी उचलली आणि चष्मा कपाळावर सरकवला. आत लाल-पिवळा चिखल वाळून दगड झालेला.

"पाटील, ये बंदूक हय के देव्हारा?"

"दसऱ्याला पूजा करतो की. दुधानं न्हाऊ घालतो, वरून हळद-कुंकू."

"कब से?"

"आज्यापासून."

"रजाकारां मार नै सके इसकू. तुम लोगां दूध पिलाके मार डाले."

चापाला जोर देणाऱ्या कमानीचे, म्हणजे स्प्रिंगचे, गंजून दोन तुकडे पडले होते. ख्वाजामियाँनी रॅकवरून तसलीच दुसरी बंदूक काढली. मालक वारल्यावर त्याच्या बायकोनं जमा केलेली. "उस बाई की चिठ्ठी लाव. इसकी कमान निकालके देतुं."

बंदुकीला बांधलेल्या चिठ्ठीवर नाव होतं ज्ञानोबा फौजी. गाव दगडोबाचंच.

दोन जिल्हे पालथे घातले, आणि मालकीण बसली होती गावातच, बुद्धविहाराच्या मागं, तीन गल्ल्यांवर. तिकडं जाऊन विचारावं, हे दगडोबाच्या डोक्यातच आलं नव्हतं. इलेक्शन असतं तर बरोबर आलं असतं.

ज्ञानोबाची बायको सरजाबाई ओसरीत शेंगा फोडत होती.

"मावशी, जरा काम हुतं."

"मावशी? पोळ्यापतोर सरजी हुते की मी."

दगडोबानं मान खाली घालून सगळं सांगितलं.

"देते चिठ्ठी," ती म्हणाली. "तुमच्या देवीशी माझं काय देणं-घेणं न्हाई. पन बाराच्या आधी समद्या गावाम्होरं सांगायचं, कमान ज्ञानोबा फौजीच्या बंदुकीची हाय म्हनून."

"गाव काय म्हनंल?"

"ते तुमी बघा. न्हाई जमत तर तुमचा चुलतभाऊ बराय."

दगडोबानं चिठ्ठी घेतली.

दसऱ्याला पालखीपुढं उभं राहून त्यानं ते एका दमात सांगून टाकलं. वाजंत्री थांबली. सिद्धेश्वर पुजारी दुधाचा तांब्या घेऊन पुढं आला.

"मंग आधी हिला शुद्ध करून घिऊ."

दगडोबानं बंदूक पाठीमागं घेतली. "एक थेंब बी न्हाई."

"बाटलीय ती, पाटील."

"ते मला ठाव न्हाई. गंजंल ती."

त्याच्या पोटात काही समतेचा झरा फुटला नव्हता. उभ्या जन्मात त्यानं त्या वस्तीत पाणी पिलं नव्हतं. आता हीसुद्धा कमान गेली तर तिसरी मिळायची नाही, एवढंच त्याला कळत होतं.

"असं चालायचं न्हाई," म्हणत चुलतभाऊ आपली बंदूक घेऊन सरसावला. पुजाऱ्यानं तांब्या कलता केला.

दगडोबानं नळी आभाळाकडं धरून चाप ओढला.

धाडकन बार निघाला. कावळे उडाले, आणि पालखीचे आठही भोई उठले. लहानपणापासनं हाच आवाज ऐकून उठायची सवय, आज कुणाला विचारायचं त्यांना सुचलंच नाही. वाजंत्री मागोमाग सुरू झाली. "थांबा की, थांबा की," करत सिद्धेश्वर पालखीमागं पळत सुटला आणि निम्मं दूध त्याच्याच धोतरावर सांडलं.