नवा सेल

तीन पिढ्या आम्ही हुबळीत घड्याळं दुरुस्त करतोय. त्या धंद्यात मी इतका तयार झालो, की धाकट्या भावाची शेवटची खूण माझ्याच हाताने, अंघोळ करून, स्वच्छ पुसून टाकली.

भावाचं नाव प्रभंजन. मस्कतच्या मामाने त्याला टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम आणला होता. खेळाचा डबा कधीच जळून गेला, उरली ती एक कॅसेट. त्या खेळात चार वीर असायचे आणि त्यांना नावं आपण द्यायची. प्रभ्याने इंग्रजी अक्षरांत आई, अप्पा, मी आणि तो अशी नावं घातली. आई पहिली. तिला राक्षस-बिक्षस काही कळायचं नाही, पण शेंगा सोलत शेजारी बसायची. शेवटी एक मोठं लाल दार होतं. त्याच्यासमोर खेळ साठवून ठेवून तो आईला म्हणाला, दाराशी आलोय, उद्या तू शेजारी बसलीस की उघडतो. दुसऱ्या दिवशी धारवाडच्या कॉलेजातून येताना रायापूरजवळ ट्रकखाली गेला. एकोणीस वर्षांचा होता.

त्या गोष्टीला चोवीस वर्षं झाली. आई शहात्तरची आहे आणि तिची एकच इच्छा उरली आहे: ते दार एकदा उघडलेलं बघायचं.

ती पुरी करायला निघाला प्रशांत. हा प्रभ्याचा वर्गमित्र, धारवाडजवळ बेलूरला कारखान्यात असतो. जुने गेम लॅपटॉपवर चालवणारं एक सॉफ्टवेअर असतं, त्याला एम्युलेटर म्हणतात, असं त्याने फोनवर समजावलं. कॅसेटमधलं सगळं, प्रभ्याने साठवलेला खेळसुद्धा, वाचून घेणारं यंत्रही त्याने मागवलं होतं. दसऱ्यानंतरच्या रविवारी येतो म्हणाला. कॅसेटच्या आत एक छोटा सेल असतो, त्याच्या जोरावरच ते सगळं टिकून आहे, तेवढी कॅसेट जपा, असंही म्हणाला. मी म्हटलं, सेलचं तू मला शिकवू नकोस.

तिथेच माझं नशीब फिरलं.

मध्ये खंडेनवमी आली, हत्यारं-अवजारं पुजायचा दिवस. आमच्या आजोबांचा नियम आहे, त्या दिवशी पूजेच्या पाटावर बंद घड्याळ ठेवायचं नाही. आदल्या दिवशी दुकानातल्या प्रत्येक घड्याळाचा सेल तपासायचा, उतरलेला असेल तर नवा घालायचा आणि मगच हळदीकुंकू. यंदा मला वाटलं, प्रभ्याची कॅसेटही पाटावर असू दे. ती उघडली, सेलला मीटर लावला. तीन व्होल्टचा सेल दोनावर आला होता. रविवारपर्यंत हा दगा देणार, आणि आईला काय सांगू? कथलाचा डाग उकलून जुना सेल काढला, चांगल्यातला नवा घेऊन नीट डाग दिला. पाच मिनिटांचं काम. वर स्वतःवर खूष झालो. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय.

घड्याळाचा सेल काढला तर जाते ती वेळ. ती काटे फिरवून परत लावता येते. आयुष्यभर मला एवढंच ठाऊक होतं.

रविवारी आई सकाळपासून नवं पातळ नेसून बसली होती. प्रशांतने कॅसेट यंत्रात घातली, लॅपटॉप तिच्यासमोर ठेवला. तेच संगीत वाजलं आणि तिने पदर डोळ्यांना लावला. मग पडद्यावर साठवलेल्या खेळांच्या तीन चौकटी आल्या, तिन्ही रिकाम्या. प्रशांतने पुन्हा वाचून बघितलं, पुन्हा तेच. त्याने हलक्या आवाजात मला विचारलं, "अण्णा, सेल बदललासा काय?"

मी नुसती होकाराची मान हलवली; जुना काढला त्याच क्षणी सगळं पुसलं गेलं होतं. त्याने कॅसेट यंत्रातून काढून टेबलावर उघडली. त्याने मला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

मग मी आणखी एक पाप केलं. आईला इंग्रजी वाचता येत नाही, नुसती अक्षरं ओळखीची आहेत. मी प्रशांतला खुणावलं. त्याने नवा खेळ सुरू केला, चारी नावं त्याच क्रमाने घातली आणि लॅपटॉप तिच्याकडे वळवला. एका छोट्या झोपडीत चार चिमुकली माणसं उभी होती.

आईने पहिल्या नावावर बोट ठेवलं. "ही मी." मग बोट पडद्याच्या कडेपर्यंत नेलं. "दार कुठं हाय रे?"

प्रशांत म्हणाला, पुढे आहे, थोडं खेळावं लागेल.

"न्हवं. त्यो दाराशी आला होता."

आई घड्याळजीची बायको आणि घड्याळजीची आई. तिची नजर टेबलावरच्या उघड्या कॅसेटवर गेली, तिथल्या चकचकीत गोल सेलवर थांबली. तिला सगळं कळलं. मी तिच्या पायाशी बसलो. माझ्याच्याने तिच्याकडे बघवेना.

तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि गिऱ्हाईक विचारतं तसं विचारलं, "आता ह्यो किती वर्षं चालंल?"

"वीस वर्षं," मी म्हणालो.

"मग खेळ की, मी बसते शेजारी."