दोरीवरचे दोन लंगोट

परक्या घरातील अपाय आपल्या डोळ्यांना दिसावा आणि तो बोलून दाखविण्याचा अधिकार मात्र लोकांनी आपल्याला ठेवलेला नसावा, असा प्रसंग आला म्हणजे माणसाची खरी परीक्षा होते. बोलावे, तर बोलणाऱ्याची जीभच अपायाचे कारण ठरते. न बोलावे, तर पुढे स्वतःशीच डोळा भिडवता येत नाही. बपेरा गावातील गोदावरीबाईंवर हा प्रसंग पौषातील एका सकाळी आला, आणि तो आला समोरच्या अंगणातील कपडे वाळविण्याच्या दोरीवरून.

गोदावरीबाईंचे वय त्रेसष्ट. पती केशवराव तुमसरच्या एका राईस मिलमध्ये तीस वर्षे पोती वाहून आता घरी बसलेले. एक्केचाळीस वर्षांपूर्वी या दांपत्याला पुत्र झाला होता. तो आठ दिवस जगला. बारशापूर्वीच गेल्यामुळे त्याला नाव नव्हते, आणि नाव नसल्यामुळे त्याची आठवण कशी काढावी हे पुढे कोणाला उमगले नाही; खुद्द आईबापांनाही नाही. दुसरे अपत्य झाले नाही. तेव्हापासून गल्लीत कोठे लेकरू जन्मले, तरी गोदावरीबाईंना बोलावणे येत नसे. कोणी वाईट शब्द काढीत नसे. पाचवीच्या पूजेचे बोलावणे त्यांचे दार टाळून पुढच्या दारी जाई, इतकेच. आणि त्याही नेमके त्या वेळी मागच्या वाडीत काहीतरी काम काढीत, म्हणजे टाळणाऱ्यालाही संकोच नको.

समोरचे घर शकुनबाईंचे. त्यांचा मुलगा अमर तुमसरच्या धान्यबाजारात एका व्यापाऱ्याकडे कामाला होता. पहाटे मोटारसायकलवर जाई, दिवेलागणीला परते. सून अंजू हिला माहेरी आई नव्हती, म्हणून पहिले बाळंतपण सासरीच झाले. मुलगी झाली. तिसऱ्या दिवशी दवाखान्यातून घरी आली आणि त्याच संध्याकाळपासून तिची कीर्ती गल्लीत पसरली.

"लई गुणाची पोरगी हाये माय," शकुनबाई हातपंपावर सांगत. "रडाचं नावच नाई! दूध पेली का झोपली. अंजूच्या नशिबानं भेटली असली शहाणी."

अमरने दुकानातून डायपरचा पुडा आणला होता, तो त्यांनी फळीवर टाकून दिला. "लेकराले का प्लास्टिकात बांधून ठेवाचं? भाजी हाये का थे?" असे त्यांनी भर गल्लीत विचारले होते आणि सगळ्या बायका हसल्या होत्या. स्वतःच्या जुन्या लुगड्यांचे मऊ लंगोट त्यांनी सहा महिन्यांपासून शिवून ठेवले होते.

ते लंगोट गोदावरीबाईंना आता तोंडपाठ झाले होते. एकावर हिरवे ठिपके, एक हळदी रंगाचा, दोन पांढरे, एकाला जांभळा काठ. आपल्या ओसरीवर तांदूळ निवडीत बसले की समोरची दोरी नजरेत येई. पाहायचे नाही असे ठरवूनही ती दिसे. बाळ घरी आले त्या दिवशी दोरीवर चार लंगोट होते. दुसऱ्या दिवशी तीन. पाचवीच्या पूजेच्या दिवशी दोनच उरले, आणि दुसऱ्या सकाळीही तेच दोन: हिरव्या ठिपक्यांचा आणि हळदी. थंडीच्या दिवसांत कापड वाळायला वेळ लागतो. सहा दिवसांचे पोट भरलेले लेकरू दिवसभरात सहा-सात लंगोट तरी भिजविते. अशा दिवसांत ती दोरी वाकलेली असायला हवी होती.

गोदावरीबाईंचा हात सुपात तसाच राहिला.

ज्या लेकराचे पोट रिकामे आहे, त्याला रडायलाही बळ उरत नाही, आणि मग लोक त्याला गुणी म्हणतात. त्यांच्याही लेकराला म्हणत होते. 'गोदे, तुझं पोरगं किती शहाणं!' असे म्हणून सासूने त्याची अलाबला घेतली होती. बावीस वर्षांची गोदावरी त्या स्तुतीने फुलून जाई आणि झोपलेल्या बाळाला जागे करायचे नाही म्हणून पाऊलही हळू टाकी. आठव्या दिवशी ते जागे झालेच नाही.

केशवराव अंगणात बाजेला दोरी भरीत बसले होते. गोदावरीबाई त्यांच्याजवळ जाऊन उभ्या राहिल्या.

"आइकता का?"

"हूं."

"समोरच्या दोरीवर दोनच लंगोट हायेत. कालपासून थेच दोन."

केशवरावांचे हात थांबले. वर न पाहताच ते म्हणाले, "आपल्या वेळी एकच होता."

एक्केचाळीस वर्षांत या माणसाच्या तोंडून त्या लेकराविषयी एक अक्षर निघाले नव्हते. तो विसरला, असेच त्यांनी मनाशी धरले होते. त्या समजुतीवरच त्यांनी आपले एकटेपण बांधून काढले होते.

"मी पायलो होतो," केशवराव म्हणाले. "कामावर जाता जाता पायलो. वाटलं, बायकांचं काम हाये, आपण कायले बोलाव. मंग कधी बोलताच नाई आलं." त्यांनी दोरीचे टोक बाजेच्या चौकटीत अडकवले. "जाय तू."

"अन् काई झालं तं? लोक मलेच म्हणतील, हिची नजर लागली."

"म्हणू दे."

गल्ली ओलांडायला बारा पावले पुरतात. गोदावरीबाईंना ती फार लांब वाटली. शकुनबाईंच्या फाटकाशी येऊन त्यांनी डोक्यावरचा पदर कपाळाखाली ओढला आणि घराकडे पाठ करून उभ्या राहिल्या, म्हणजे नजरेचा आळ नको.

"काहून वो गोदावरीबाई, आज रस्ता चुकल्या का?" शकुनबाई आतून बाहेर आल्या. "अन् अशा गल्लीकडं तोंड करून काहून उभ्या?"

"मी आत येत नाई. लेकराकडं पाहातबी नाई. एकच सांगा, पोरीनं सकाळपासून किती डाव दूध पेलं?"

शकुनबाईंचा चेहरा बदलला. "झोपली हाये थे. शहाणी हाये."

"लंगोट किती निघाले?"

"लोकाच्या दोऱ्या मोजत बसता का तुमी? पाचवीले बोलावलं नाई, त्याचा राग आज काढून राहिल्या का? उद्या सातवा दिवस, आशाताई येतेच. थे पाहीन."

"माझ्याही घरी उद्यावरच ठेवलं होतं, शकुनबाई."

ज्या गोष्टीला नाव नव्हते, तिचा उच्चार त्या गल्लीत प्रथमच झाला होता.

तेवढ्यात आतल्या दारात अंजू आली. डोक्याला रुमाल, कानांत कापूस, कुशीत दुपट्यात गुंडाळलेले बाळ. तिचा आवाज अगदी बारीक होता.

"आई, थे खरं बोलून राहिल्या. रात्रीपासून तोंडच लावत नाई पोरगी. मी उठवतो तं उठतच नाई."

"मंग मले काहून नाई सांगतलं?"

"तुमी सगळ्याईले सांगत होत्या ना, किती गुणाची हाये म्हणून. मले वाटलं, माझ्यातच काई कमी हाये." ती रडू लागली. "काकू, तुमीच पाहा ना."

गोदावरीबाई हलल्या नाहीत. त्यांनी शकुनबाईंच्या उत्तराची वाट पाहिली. शकुनबाई दाराची वाट अडवून उभ्या होत्या, त्या बाजूला झाल्या.

एक्केचाळीस वर्षांनी गोदावरीबाईंच्या हातांत नवजात जीव आला. हात मात्र काहीच विसरले नव्हते. त्यांनी बाळाला अंगणातील उजेडात धरले, दुपटे सैल केले आणि नाकाच्या शेंड्यावर हलकेच बोट दाबून उचलले. त्वचा पिवळी दिसली. पाय उघडे केले, तळवेही पिवळे. तळव्यावर बोटाने टिचकी मारली, तेव्हा बाळाने ओठ किंचित वाकडे केले आणि पुन्हा सैल सोडले.

"आशाताईले फोन लावा," त्या म्हणाल्या. "आत्ताच."

गावातील आशा सेविका रिता आपल्या स्कूटीवर पंधरा मिनिटांत आली. तिने बाळ पाहिले, वजनाच्या झोळीत घालून तोलले आणि कोणाला न रागावता सांगितले, "गाडी बोलावतो. तुमसरले न्या लागते. अंजू, पोरीले छातीशी उघड्या अंगाले लावून धर, वरून शाल घे. थंडी नको लागू देऊ."

गाडी गेली. शकुनबाई सोबत गेल्या. अमर परस्पर दवाखान्यात पोचणार होता. समोरचे घर बंद झाले आणि दोरीवर ते दोन लंगोट तसेच राहिले. संध्याकाळी दव पडू लागले, तरी ते काढायला कोणी नव्हते. गोदावरीबाईंच्या मनात आले, आपणच काढून आणावेत. पण त्यांना हात लावण्याचे धैर्य झाले नाही.

पुढचे दिवस कठीण गेले. 'गोदावरीबाई गेली त्या घरी, अन् दोन घंट्यात पोरगी दवाखान्यात गेली,' हे वाक्य हातपंपावरून निघून सर्व गल्ली फिरून आले. बायका त्यांना पाहून बोलणे थांबवीत. एकीने तर आपले दोन महिन्यांचे लेकरू पदराखाली झाकले. गोदावरीबाई भरलेली घागर घेऊन निमूटपणे घरी येत. केशवराव त्यांच्या हातून घागर घेत, हे मात्र नवीन होते. सायंकाळी दोघे ओसरीवर बसत. एके दिवशी केशवराव म्हणाले, "त्याच्या कपाळावर डाव्या बाजूले तीळ होता." गोदावरीबाई म्हणाल्या, "उजव्या."

तिसऱ्या दिवशी रिताची स्कूटी दारासमोर थांबली. ती उतरली नाही, तिथूनच ओरडली, "आजी, काविळीसाठी निळ्या लाइटाखाली ठेवली हाये पोरीले. काल रात्री असी रडली म्हणते, पूर्ण वार्ड जागा केला!"

गोदावरीबाईंनी पदर तोंडाशी धरला. रडणे ही आनंदवार्ता असू शकते, हे त्यांच्याइतके दुसऱ्या कोणाला कळणार होते?

सहाव्या दिवशी दुपारी गाडी परत आली. बोलावणे आले नाही, आणि गोदावरीबाईंनी त्याची अपेक्षाही ठेवली नव्हती. त्या रात्री मात्र समोरच्या घरातून रडण्याचा आवाज दोनदा, तीनदा आला. त्यांनी तो अंथरुणात पडून ऐकला.

सकाळी धुके उतरले नव्हते. त्या ओसरीवर सूप घेऊन बसल्या. समोर शकुनबाई बादली घेऊन आल्या आणि एकेक लंगोट झटकून दोरीवर टाकू लागल्या. हिरवे ठिपके. हळदी. पांढरा, आणखी एक पांढरा. जांभळा काठ. मग दुपट्याचे फाडलेले तुकडे, मग अमरच्या जुन्या बनियनची पट्टी. दोरी मध्यभागी वाकली. शेवटचा लंगोट टाकून शकुनबाई थांबल्या. मान न वळविता, गल्लीतल्या चार घरांना ऐकू जाईल अशा स्वरात त्या म्हणाल्या, "मोजून घ्या वो, गोदावरीबाई! मंग म्हणान, शकुननं कमी टाकले."

आणि बादली उचलून त्या आत गेल्या.

गोदावरीबाईंनी मोजले. अकरा होते. त्यांनी केशवरावांना हाक मारली नाही. ते दारात उभे राहून मोजीतच होते.

ती दोरी अशीच वाकलेली राहो. त्या घरातील लेकरू भुकेने रडो, पोटभर पिऊन निजो आणि पुन्हा रडण्यासाठी जागे होवो. त्याच्या आईला आपले भय बोलून दाखविता येवो, आजीचा ताठा तेवढा मऊ राहो. आणि समोरच्या ओसरीवर बसलेल्या त्या दोन वृद्ध जीवांना, ज्या बाळाला नाव मिळाले नाही त्याच्याविषयी बोलायला, उरलेल्या संध्याकाळी पुरोत.