बाकावरचा योयोंग

योयोंग लागुम्बाय बाकावर बसला की माणसांत असायचा. मनिलाच्या लीगमध्ये खेळणाऱ्या लोला पुरिंग सार्डिन्स या डबाबंद मासळीवाल्यांच्या बास्केटबॉल संघाचा तो सहावा गडी. पहिले पाच घामाघूम झाले की कोच सिसो मान न वळवता म्हणायचे, "ऊठ." योयोंग उकडलेल्या शेंगांची टरफलं शेजाऱ्याच्या ओंजळीत ओतून आत शिरायचा आणि बघता बघता गुणांचा सडा घालायचा. चेंडू टाकताना तो विचार करत नसे. विचार बाकावरच उरकलेला असे. कोण एका पायावर भार टाळतोय, कोणाचा हात उशिरा वर जातोय, कोण रेफ्रीशी भांडून अर्धा झालाय, हे सगळं त्याला सासरच्या माणसांच्या स्वभावासारखं पाठ असायचं.

पण हा पराक्रम समार बेटावरच्या त्याच्या आईच्या, नानाय पासिंगच्या, गळी उतरत नसे. "बसायचंच होतं तर आपल्या घरी काय खुर्च्या नव्हत्या, दोंग बाळा?"

मग पहिल्या पाचातला मार्लो मेव्हणीच्या लग्नात नाचताना घसरला, घोटा सुजला, आणि योयोंगला बढती मिळाली. वस्तीने लगोलग भलामोठा फलक लावला: 'अभिनंदन! पहिल्या पाचात आपला योयोंग.' फलकावर वस्तीच्या कपितानाचा, म्हणजे सरपंचाचा, फोटो योयोंगपेक्षा मोठा होता, पण ते रीतीला धरूनच होतं.

पहिल्या सामन्यात योयोंगने एक बास्केट केली. दुसऱ्यात तेवढीही नाही.

तिसऱ्या सामन्याआधी तो म्हणाला, "सुरुवातीला सगळे ताजेतवाने असतात, कोच. कोणी लंगडतच नाही."

"मग काय, त्यांच्याही मेव्हण्यांची लग्नं ठरवू?" कोच म्हणाले. "आज चालला नाहीस तर पुढच्या मोसमात घरी बसून सार्डिन खा."

"मला परत बाकावर घ्या ना."

"घेतो. या क्षणी घेतो."

"आज नको. नानाय आलीय."

नानाय एकटी आली नव्हती. बोटीतून अर्धी वस्ती आली होती, कपितान आला होता आणि फलकही आला होता. तो बरोबर बाकाच्या मागे टांगला होता.

"आईला हवा तो योयोंग खेळणार की मला हवा तो, एवढं ठरव," म्हणून कोच निघून गेले.

दिवे मालवले. धूर सुटला. कर्णा गरजला, "समारचा... योयोंग... लागुम्बाय!" झोतात योयोंग धावत आला. नानाय खुर्चीवर उभी राहून रडत होती आणि हातातल्या पंख्याने कपितानाला बडवत होती. त्यालाही रडू येत होतं, बहुधा पंख्याचं.

चेंडू उडाला. योयोंगने समोरच्या धिप्पाड परदेशी खेळाडूला व्याह्यासारखी कडकडून मिठी मारली. शिट्टी. चेंडू परत आला, तेव्हा त्याने त्याच गृहस्थाचा सदरा दुकानात कापड पारखावं तसा धरून ताणला. पुन्हा शिट्टी. पहिल्याच मिनिटात दोन फाऊल झालेला गडी मैदानात ठेवायचा नसतो, नाहीतर फाऊल भरून तो बाद होतो आणि शेवटी हाताशी उरत नाही. हे कोणत्याही कोचला कळतं.

"बस," कोच सिसो म्हणाले, आणि जन्मात पहिल्यांदा त्यांनी मान वळवली. "मुद्दाम केलंस?"

"छे, कोच. ताबा सुटला. शेंगा आहेत का?"

वर नानाय रेफ्रीच्या सात पिढ्या काढत होती. "भ्यायले! माझ्या पोराला भिऊन बसवलं!" कपितान मान डोलावत होता. समोरच्यांनी भिऊन बसवलेला मुलगा म्हणजे वस्तीची शानच.

योयोंग शेंगा सोलत बघत राहिला. थोड्या वेळाने परदेशी गृहस्थाने गुडघ्यांवर हात टेकले. योयोंगने टरफलं शेजारी दिली.

"ऊठ," कोच म्हणाले. तो आधीच उठला होता.

त्यानंतर जे झालं त्याला खेळ म्हणणं समोरच्या संघावर अन्याय होईल. कोपऱ्यातून, मधून, पडता पडता, एकदा तर वस्तीच्या फलकाकडे बघत योयोंग टाकत सुटला. सार्डिन्स जिंकले.

"बघितलंस, काप?" नानाय कपितानाला म्हणाली. "सुरुवातीलाच बसवला नसता तर अजून किती केले असते."

घोटा बरा झालेला मार्लो आठवड्याने हजर झाला. कोचने त्याला नवी जागा समजावून सांगितली: नाव योयोंगचं पुकारायचं, पहिल्या मिनिटात तो फाऊल करून बसला की आत जायचं.

"आणि तोवर मी काय करू, कोच?"

"शेंगा उकडून आण."